सुलोचनाबाईंची पट्टी

जगात न कापता येण्यासारखं काही नाही, हत्यार तेवढं योग्य हवं, असा सिद्धांत अच्युतराव पागेदारांनी बायकोचं, सुलोचनाबाईंचं, तेरावं उरकल्यावर मांडला. उभ्या जन्मात त्यांनी भेंडीसुद्धा चिरली नव्हती.

झालं होतं असं. बाई मागे एकदा घरात पडल्या, तेव्हा मांडीच्या हाडाला स्टीलची पट्टी बसवली होती. अस्थी वेचताना हाडांचा हातातच भुगा होत होता, पट्टी मात्र राखेतून शाबूत निघाली. खेडीघाटावर गुरुजींनी ती नर्मदेत सोडू दिली नाही. "धातू पाण्यात नको." म्हणून पट्टी पिशवीतून स्नेहलतागंजातल्या घरी परत आली. आता मुलगी उर्वी बंगळुरूला निघाली होती आणि तिला ती पट्टी हवी होती. अच्युतरावांनाही हवी होती. म्हणजे अर्धी-अर्धी.

बापलेक सियागंजच्या बाजारात गेले. हार्डवेअरवाल्याने ग्राइंडर काढला. "बाबूजी, मक्खन जैसा कटेगा!" त्याने एक सळई कापून दाखवली. ठिणग्यांचा फवारा उडाला, सळईचं टोक लाल झालं. अच्युतराव मागे सरले.

"आग नको."

"आग कहाँ बाबूजी, चिंगारी है."

"एकदा दिलाय अग्नी," अच्युतराव म्हणाले. दुकानदाराला वाटलं, म्हातारा विजेला भितो.

मग त्याने लांब दांड्यांचा कटर काढला. त्याने सळई तुटली, पण टोक चेंगरलं. "असं नको," उर्वी म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली. शेवटी लोखंड कापायची हाताची आरी घेतली, बारीक दात्यांचं पातं, एक कानस आणि टेबलाला आवळायचा छोटा शिकंजा.

घरी उर्वीने पट्टीला रुमाल गुंडाळला, ओरखडा नको म्हणून. मग शिकंजा आवळला. अच्युतरावांनी पात्यावर तेलाचे थेंब सोडले आणि आरी ओढू लागले. पहिल्यांदा ती घसरली, मग लागली.

"बाबा, हळू ना. तिला..."

"अगं, पट्टी आहे ही. आई नव्हे."

असं म्हणून त्यांनी हात आणखी हलका केला.

बराच वेळ नुसती खरखर होत राहिली. रुमालावर चंदेरी चुरा सांडत होता. उर्वी तो बोटाने टिपून तळहातावर घेत होती. पट्टी तुटली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. अच्युतरावांनी कानशीने कडा घासल्या, अंगठा फिरवून पाहिला. कुठे बोचत नव्हतं.

"वरचा की खालचा?" उर्वीने विचारलं.

संसारात आजवर कुठल्याही वाटणीचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता. घेणारी गेली होती. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, तोलले, खाली ठेवले. पुन्हा घेतले. डोळे भरून आले म्हणून चष्मा काढला.

"कुठलाही ने," ते म्हणाले. "फक्त जायच्या आधी तेवढं गॅसचं सिलिंडर कसं बदलायचं, ते दाखवून जा."