वारा जाऊ देणारं कापड

ती मूळची विषारी वाफेपासून वाचवणारे पोशाख बनवणाऱ्या कारखान्याच्या शिवणखात्यातली. भट्टीवर आली ती मास्तरांमुळे. पहिल्याच दिवशी नाकाडोळ्यांना काळं फासून ती जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, तेव्हा मास्तरांनी तिचं नाव काजळ ठेवलं. हजेरीपट सोडला तर मग ते सगळीकडे चिकटलं, अगदी तिच्या नवऱ्याच्याही तोंडी बसलं.

मास्तर म्हणजे भट्टीचे मास्तर. पांढरंशुभ्र कापड एका तोंडाने भट्टीत जायचं. आत हवेला मज्जाव, त्यामुळे ते पेटायचं नाही, नुसतं हळूहळू कोळसा होत जायचं. मग त्यावर तापलेली वाफ सोडायची. ती धाग्याधाग्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं पाडायची. दुसऱ्या तोंडाने ते बाहेर यायचं तेव्हा काळंभोर झालेलं असायचं आणि मांजराच्या पाठीसारखं मऊ. ही सगळी भोकं उलगडून पसरली तर हातरुमालाएवढ्या तुकड्याच्या पोटात अख्खं मैदान मावतं, असं मास्तर सांगायचे. विषारी वाफ त्या मैदानात शिरते आणि तिथेच चिकटून बसते. हवा मात्र आली तशी निघून जाते.

इतरांसाठी हा धंद्याचा भाग होता, मास्तरांसाठी घरचा. त्यांचा धाकटा भाऊ रसायनांच्या टाक्या साफ करायचा. एका रणरणत्या दुपारी तो रबरी पोशाखात टाकीत उतरला आणि त्याच पोशाखात गेला. विषाचा थेंबही आत शिरला नव्हता, पण वाराही शिरला नव्हता. अंगाच्याच उष्णतेने तो आतल्या आत शिजला. मास्तरांनी हे काजळला एकदाच सांगितलं होतं, कापडाची घडी घालता घालता, आणि घडी मोडून पुन्हा घातली होती.

भट्टीच्या पंख्यांनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले. शेवटची काही वर्षं दोघं हातांनीच बोलायची. उघडा तळवा म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे वाफ सोड, मूठ म्हणजे चल, पुढे सरक. मास्तर निवृत्त झाले आणि कीटकनाशकाच्या कारखान्यामागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांत एकटेच राहू लागले.

त्या कारखान्यातली टाकी फुटली ती दुपारी, लोक जेवून आडवे होतात त्या वेळी. काजळला कळलं तेव्हा भोंगे वाजून अर्धा तास झाला होता. गल्लीतली माणसं शाळेच्या पटांगणात जमली होती. पिकलेल्या फळांसारखा गोड वास येत होता, असं जो तो सांगत होता. काजळने त्या गर्दीत दोन फेऱ्या मारल्या. मास्तर कुठेच नव्हते. त्यांच्या शेजारच्या बाईंनी कपाळावर हात मारला. दार ठोकलं होतं, म्हणाल्या, पण त्यांना ऐकू कुठं येतंय.

काजळ तडक आपल्या कारखान्यात गेली. भट्टीतल्या कापडाचं अस्तर लावलेले, चाचणीतून पास झालेले नमुन्याचे पोशाख तिच्याच कपाटात होते. तिने त्यातले दोन उचलले, विषारी हवा गाळणारे दोन मुखवटे घेतले आणि बंबवाल्यांच्या मुख्याला गाठलं. त्याची सगळी माणसं टाकीजवळ अडकली होती. त्याने तो पातळ काळा पोशाख बोटांनी चाचपला.

"किती वेळ टिकतो हा?"

"कागदावर सहा तास."

"आणि कागदाबाहेर?"

"ते मीही अजून पाहिलेलं नाही," काजळ म्हणाली.

मुख्याने तिच्याकडे पाहिलं, मग गल्लीकडे. त्याने टाकीवरून नुकत्याच परतलेल्या एका जवानाला तिच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत धाडलं. त्याच्या रबरी पोशाखातून घामाच्या धारा बुटांत उतरत होत्या आणि पाठीवरच्या नळकांड्यात थोडीच हवा उरली होती. तिला वीस मिनिटं मिळाली. तेवढ्यात परतली नाहीस तर मी आत येईन, असं त्या जवानाने खुणेने सांगितलं, आणि ते दोघांनाही परवडणारं नव्हतं.

गल्लीत पाऊल टाकलं आणि काजळला वाटलं, आपण पाण्याखाली आलो आहोत. गुडघ्याएवढ्या उंचीवर एक फिकट पिवळसर धुकं पसरलं होतं आणि तिच्या चालण्याने ते सावकाश बाजूला होत होतं. दोरीवरचे कपडे हलत होते. एका खिडकीत रेडिओ चालू होता, कुणीतरी निवांतपणे हवामान सांगत होतं. एका उंबऱ्यावर चपलांचा जोड पडला होता, एक चप्पल सरळ, एक उलटी. मुखवट्याच्या आत तिचा स्वतःचा श्वास येत होता, जात होता, झोपलेल्या दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्या अंगावर काटा आला. झुळूक पोशाखातून आत आली होती. मानेवर, दंडांवर, घामेजल्या पाठीवर तिला ती गार लागली. याच वाऱ्यात मरण होतं आणि तो तिच्या अंगाला धुतल्यासारखा स्वच्छ होऊन लागत होता. आपल्या हातांनी मैलोन्‌मैल कापड भट्टीतून काढलं, पण ते काय करतं हे आज कळलं, असं तिला वाटलं. भीती होतीच. पण ती दूर कुठेतरी उभी होती, ओळखीच्या माणसासारखी, हाक न मारता.

खांद्याच्या दोन धक्क्यांनी दाराची कडी निखळली. मास्तर आतल्या खोलीत उंच पलंगावर झोपले होते. दारंखिडक्या घट्ट बंद होत्या म्हणून बचावले होते, पण धुकं दाराच्या फटीतून आत येऊन पलंगाच्या पायांशी घुटमळत होतं. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. ते जागे झाले आणि समोर काळी, बिनचेहऱ्याची आकृती पाहून भिंतीला टेकले. त्यांनी उशीच उगारली. काजळने उघडा तळवा दाखवला. थांबा.

उशी तशीच हवेत राहिली. तिने दोन बोटं दाखवली, मग मूठ.

"काजळ?" मास्तर म्हणाले. "सुट्टी झाली का गं?"

ते पुरते जागे नव्हते. तिने आधी त्यांना मुखवटा चढवला, मग पलंगावरच बसवून लहान मुलाला घालावा तसा पोशाख घातला. मास्तरांनी बाही उलटी करून अस्तर पाहिलं. ते काय आहे हे त्यांना हाताच्या स्पर्शानेच उमगलं. आयुष्यभर त्यांनी ते कापड भाजलं होतं, पण अंगावर कधी घातलं नव्हतं.

बाहेर आल्यावर ते तिच्या दंडाला धरून रमतगमत चालू लागले, जणू फेरफटक्याला निघाले आहेत. तिने मूठ दाखवून घाई केली, पण त्यांचे पाय त्यांच्याच चालीने पडत होते. गल्लीच्या मध्यावर पुन्हा झुळूक आली. मास्तर थांबले. त्यांनी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरले, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे.

"वारा लागतोय," ते मुखवट्याआडून म्हणाले. "काजळ, आत वारा लागतोय गं."

तिने मान हलवली. तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त काचेला आतून आलेली वाफ दिसत होती. ती त्यांना ओढत नव्हती आणि तेही हलत नव्हते. मग गल्लीच्या तोंडाशी तो जवान दोन्ही हात हलवताना दिसला आणि काजळने मास्तरांच्या कमरेला विळखा घालून त्यांना जवळजवळ उचलूनच पुढे नेलं.

सतरा मिनिटं झाली होती. दोघांवर पाण्याचे फवारे मारले, पोशाख उतरवून पत्र्याच्या पिंपात बंद केले. विष पोटात घेतलेले ते आता पुन्हा कुणाच्या अंगावर चढणार नव्हते. कारखान्याच्या व्यवस्थापक बाईंनी न विचारता नमुने नेल्याबद्दल काजळला सगळ्यांदेखत खडसावलं, आणि मग स्वतःची शाल काढून तिच्या ओल्या खांद्यांवर टाकली. डॉक्टरांनी मास्तरांची छाती दोनदा तपासली. त्यांना थोडा खोकला होता, बाकी ठीक होतं.

मास्तर शाळेच्या बाकावर बसले. काजळने चहा आणून हातात दिला. त्यांनी तो प्यायला नाही.

"धाकटा एकवीस वर्षांचा होता," ते म्हणाले. "त्याला गरम सोसायचंच नाही. लहानपणीसुद्धा फरशीवर निजायचा."

काजळ त्यांच्या शेजारी बसून राहिली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

तीन दिवसांनी गल्ली उघडली, पण मास्तर परत गेले नाहीत. काजळच्या नवऱ्याने आपणहून त्यांचा पलंग हलवून आपल्या पुढच्या खोलीत आणला. मी घोरलो तरी तक्रार न करणारं माणूस घरात आलं, असं तो म्हणतो. पुढच्या आठवड्यात मास्तर तिच्याबरोबर कारखान्यात आले. व्यवस्थापक बाईंनी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी बाजूला सारली. भट्टीच्या दुसऱ्या तोंडाशी ते जाऊन उभे राहिले. काळं कापड संथ उतरत होतं, नदी उतरावी तसं, आणि मास्तर त्यावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे होते. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

खूप वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि कापडाची कड चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"कड जास्त खाल्ली जातेय," ते म्हणाले. "वाफ जरा कमी कर."

काजळने वाफ कमी केली.