मुडपलेला अंगठा

चिंधीची गाठ सैल झाली होती... आणि तिच्याखालची दुसरी गाठ, अंगठ्याच्या टोकाची, थडथड उडत होती, बोटात छोटंसं काळीज बसवल्यासारखी. तानाबाईला त्याची गंमतच वाटली. चाळीस वर्षं अंगठा मुडपून म्हशीची धार काढायची, म्हणजे घट्टा पडायचाच — संध्याकाळी कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला येणारं निम्मं कोल्हापूर हा अंगठा ओळखतं. म्हणून चार महिने ती गाठीला घट्टाच म्हणत राहिली, वर तूप चोळत राहिली. घट्टा असा गरम लागतो का, असा उडतो का, हे मनात आलं नव्हतं असं नाही... पण धारेच्या वेळी असल्या शंकांना कोण विचारतो?

डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा तपासला आणि पोटाचा स्कॅन करायला लावला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणून ती हसली होती. पण आग खरंच पोटात निघाली — कॅन्सर किडनीत, तिथून अंगठ्यापर्यंत आलेला. पोटात कळ नाही, लघवीला त्रास नाही. आपली म्हैस चंद्री परक्या हाताला पान्हा चोरते, तसं पोटानं सगळं चोरून ठेवलं आणि माझ्या अंगठ्यानं तेवढं सोडलं... इमानी निघाला मेला! उद्या त्याचंच टोक कापणार, मग औषधं. किती दिवस, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. भीती होती, नाही कशी. पण चंद्री दुसऱ्या कुणाला धार देईल का, ही त्याहून मोठी.

आज कट्ट्यावर सून क्रांती चरवी घेऊन चंद्रीपाशी बसली.

"अंगठा मुडप की गं."

"न्हाय जमत, आत्याबाई. मी मुठीनं काढते."

"पान्हा चोरंल ती."

"चोरू दे. मी हाय की बसलेली."

चंद्रीनं मान वळवून तानाबाईकडे पाहिलं. जागचं हलायचं नाही, असं तानाबाईनं ठरवलं होतं — तरी उठायला पाय उचललाच... आणि तेवढ्यात चरवीच्या तळाला धार वाजली.

रोजचे गिऱ्हाईक हंबीरराव पेला रिकामा करून म्हणाले, "तानाक्का, चव तीच हाय की!"

तीच. तिला बरं वाटलं, इतकं की डोळे भरले. आणि त्या बरं वाटण्यात एक बारीक काटा होता, हेही खरं. चंद्रे, एवढ्यात? एक दिवस तरी चोरायचंस की गं...

धार वाजत होती. मांडीवर तिची मूठ आपोआप वळली होती, अंगठा आत मुडपून. तिनं तो हळूच सरळ केला आणि तसाच राहू दिला.