पहिल्या वायरीचा मान

माझी नात तनुजा हिचं लग्न २०२३ च्या फेब्रुवारीत झालं, त्याच उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या शेतावरच्या दोन खोल्यांना तेव्हा वीज नव्हती. दोन्ही बाजूंना कंपन्यांची गोदामं उठलेली. त्यांच्या पत्र्याच्या भिंतींनी वारा अडवला होता, आणि त्यांच्या दिव्यांचा उजेड मात्र रात्रभर आमच्या अंगणात पडे.

मीटर मिळेना, कारण सातबारावर चुलतभाऊ दौलतरावाचंही नाव अजून राहिलं होतं आणि त्याची सही लागत होती. "देतो की दादा, पळून चाललोय व्हय?" असं तो दोन वर्षं म्हणत होता. स्वतःचा हिस्सा विकून तो पिंपळे सौदागरला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. गळ्यात साखळी, दारात पांढरी गाडी, आणि कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या खुर्चीवर नजर.

माझी बायको कस्तुरा दम्यानं बेजार होती. आडवी झाली की तिचा श्वास अडे, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर म्हणाले, हवा खेळती ठेवा. मुलानं तिला शहरात न्यायचं म्हटलं तर ती म्हणाली, "मी हितंच मरणार. दुसऱ्याच्या छताखाली माझा जीव जायचा न्हाई."

तेव्हा तनुजाच्या नवऱ्यानं, रणजीतनं, सोलरचं सामान आणलं. तळेगावच्या एका कारखान्यात तो इलेक्ट्रिकलला आहे. एक पॅनल, बारा व्होल्टची लहान बॅटरी, बॅटरीवर चालणारा पंखा आणि चार्ज कंट्रोलरची डबी. पॅनलची वीज बॅटरीला पचेल एवढीच सोडायची, हे त्या डबीचं काम. ही डबी बारा व्होल्टची बॅटरीही चालवते आणि चोवीसचीही. आपल्याला कोणती जोडलीय ते ती स्वतः ओळखते. म्हणून तिला आधी बॅटरी जोडायची, पॅनल नंतर. पॅनल आधी लागलं तर त्याच्या चढ्या व्होल्टवरून ती बाराच्या बॅटरीलाही चोवीसची समजते.

अक्षय तृतीयेला जोडायचं ठरलं. दौलतला कुणी बोलावलं नव्हतं. तो नारळ, हार आणि फोटो काढायला ड्रायव्हर घेऊन आला. ज्यानं मीटरची सही अडवली, तोच आता उजेडाचं उद्घाटन करणार होता.

रणजीतनं बॅटरीची वायर हातात घेतली, तेवढ्यात दौलत म्हणाला, "थांबा जावईबापू. पहिला मान सूर्यनारायणाचा. आधी वरची वायर."

"काका, आधी बॅटरी लागते."

"बॅटरी काय दुकानात मिळती. सूर्य मिळतो का?"

ड्रायव्हर हसला. त्याला हसण्याचाच पगार होता.

डबीच्या झाकणावर चित्रं होती. एकच्या आकड्यापाशी बॅटरी, दोनच्या आकड्यापाशी पॅनल. मी पन्नाशीनंतर अक्षरं शिकलो. ती चित्रं मला त्याआधीही कळली असती. दौलत बारावी पास आहे. त्यानं पॅनलची वायर डबीत खुपसली, कॅमेऱ्याकडे बघितलं, मग बॅटरीची जोडली. वर पॅनलला हार घातला.

रणजीत हळूच म्हणाला, "काका, दोन्ही काढून परत लावू द्या. डबीनं चोवीस धरलं असंल."

"सणाच्या दिवशी जोडलेलं तोडायचं? नवीन लग्न झालंय ना तुमचं?"

नव्या जावयानं पक्कड पिशवीत टाकली. पोरगा शहाणा, पण त्याचा शहाणपणा मानपानाच्या उंबऱ्याशी चपला काढून उभा राहतो. "गुरुवारी सुट्टीला येऊन बघतो," म्हणाला आणि सेकंड शिफ्टला गेला.

तो गेल्यावर दौलतनं पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरेना. डबीला चोवीसच्या हिशेबानं बॅटरी रिकामी दिसत होती, म्हणून तिनं पंख्याची वीज तोडून ठेवली होती. त्या अंगणात दौलतला नाही म्हणायची हिंमत फक्त त्या डबीनं केली. त्यावर ड्रायव्हरनं पंख्याच्या वायरी ओढून थेट बॅटरीला लावल्या. पंखा भणाणला.

"बघ वहिनी, आभाळातल्या इमानासारखा!" दौलत म्हणाला.

कस्तुरा हसली. कितीतरी महिन्यांनी तिच्या कपाळावरचे केस हलले होते.

दुसऱ्या दिवसापासून उन्हं चढली की पंखा वेड्यासारखा पळे. डबी बॅटरीत वीज ओततच होती. मंगळवारी कुजक्या अंड्यांसारखा वास सुटला. बॅटरीच्या बाजू फुगल्या होत्या, आणि ती इतकी तापली की हात लावू देईना. रात्री पंखा थांबला. कस्तुराचे ओठ निळे पडले.

सकाळी दौलतची गाडी आली. तिला उचलून त्याच्या फ्लॅटवर, एसीच्या खोलीत ठेवलं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "शेवटी आपल्यालाच बघावं लागतं."

गुरुवारी रणजीतनं नवी बॅटरी आणली, ती आधी जोडली, मग पॅनल. पंखा बेतानं आणि रात्रभर चालला. मी दौलतला म्हणालो, "आता तिला घरी सोड." तिला टेम्पोत बसवत नव्हतं, गाडी त्याचीच हवी होती.

शनिवारी गाडी एका साखरपुड्याला गेली. रविवारी दौलत म्हणाला, "दादा, हितं काय कमी हाय? उद्या एक मे, सोसायटीत माझ्या हस्ते झेंडावंदन हाय. परवा बघू." कस्तुरा आतून ऐकत होती. मला जवळ बोलावून एवढंच म्हणाली, "आपला पंखा चालतोय ना?"

"चालतोय."

"मग हितं कशाला ठेवलंय मला?"

दौलतनं हे वैरापोटी केलं असतं तर मी त्याला माणूस तरी म्हटलं असतं. वैरी निदान तुमचा विचार करतो. यानं केलं एका फोटोसाठी. तो फोटो अजून त्याच्या दिवाणखान्यात आहे: हार घातलेलं पॅनल, त्याचा हात, आणि कडेला कस्तुराची अर्धी साडी.

कस्तुरा २ मे २०२३ रोजी, मंगळवारी दुपारी, पिंपळे सौदागरला दौलतरावाच्या फ्लॅटमध्ये वारली. गाडी खाली उभी होती.