मोहाखालचा पाला

मी ब्लोअर बोलतोय. आत्ता बंद आहे म्हणून बोलतोय. चालू असलो की माझ्यापुढं कुणाचंच काही ऐकू येत नाही. जंगलातला वाळला पाला फुंकून बाजूला सारायचा, म्हणजे वणवा पुढं सरकत नाही, हे माझं काम. गडचिरोलीकडच्या आमच्या वननाक्यावर मला सगळे ‘फुक्या’ म्हणतात. पेट्रोल पितो आणि लवकर भडकतो.

कारखान्यातून खोक्यात बसून आलो तो थेट चैतूच्या पाठीवर चढलो. चैतू म्हणजे उन्हाळ्यापुरता ठेवलेला वणव्याचा राखणदार. माझे पट्टे त्याच्या खांद्यात रुतायचे, तरी खाली ठेवताना तो मला तान्ह्या लेकरासारखं ठेवायचा.

आणि अशा माणसानं आग लावावी!

मोहफुलं पडायच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळायचा, ही इथली जुनी रीत. साफ जागेवर फुलं पटकन वेचता येतात. चैतूनं कामावर यायच्या आधी आपल्या मोहाखाली काडी ओढली. वारा सुटला आणि आग बांबूच्या रोपवनात शिरली. तो धावत नाक्यावर आला, मला पाठीवर टाकलं आणि पुढचा पाला उडवून आम्ही ती कशीबशी अडवली. मग तो वनपाल भाग्यश्रीबाईंपुढं हात जोडून उभा राहिला.

“बाई, माह्याच हातून लागली.”

“उद्यापासून याले येऊ नको म्हणा,” जुने मुकादम वामनराव कडाडले. “राखणदारच आग लावते, तं गावाले काय सांगाव?”

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. बाईंनी आधी त्याला पाणी दिलं.

“चैतूभाऊ, पाला फुंकून काऊन नाई काढला? फुक्या होता ना तुमच्यापाशी.”

“सरकारी मशीन हाये, बाई. घरच्या कामाले कशी नेऊ?”

माझ्यापायी नियम पाळला आणि त्याहून मोठा मोडून बसला बिचारा!

बाईंनी चुकीवर पांघरूण घातलं नाही. लेखी ताकीद दिली, पुन्हा झालं तर काम जाईल असं बजावलं. पावसाळ्यात जळाल्या जागी नवी रोपं लावायला त्यालाच उभं केलं. पण कामावरून काढलं नाही. उलट वरून परवानगी आणली आणि मोहाच्या दिवसांत मला गावातल्या झाडांखाली फिरवायची सोय केली. वामनराव पेट्रोलच्या नावानं बरेच दिवस कुरकुरत होते.

पूर्वी आग लागली की गावात कुणालाच काही माहीत नसायचं. यंदा शेजारच्या टोल्यावरचा, म्हणजे पलीकडच्या वस्तीतला पत्रू धापा टाकत स्वतःच नाक्यावर आला.

“बाई, माह्या बिडीनं पेटलं! लवकर चला!”

त्याचं बोलणं संपायच्या आत मी चैतूच्या पाठीवर होतो. पोहोचलो तेव्हा आग अंगणाएवढीच होती.

आता माझं नळकांडं फुटलंय, चिकटपट्टीवर दिवस काढतोय. उद्या मला भंगारात टाका, माझी तक्रार नाही. माणसाला टाकण्याआधी मात्र त्याला एकदा विचारा, काऊन?