चांगली माती

पंकजाने बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि ती चरकली. तळाशी लाल अळ्या निपचित पडल्या होत्या. आता गाळात अळ्या मरतात का, हेच तर तिला पाहायचं होतं, मग घाबरायचं कशाला? घाबरायचं अशासाठी, की ही बरणी गाळाची नव्हती. चांगल्या मातीची होती.

नगरच्या कॉलेजात संशोधन करणारी ही पोर आपल्या गावाच्या भानगडीत आपणहून पडली होती. पिंपळटेकच्या तळ्यातला गाळ उपसून रानात टाकायचा, असं गावाने ठरवलं होतं. फुकटात काळा गाळ मिळतोय म्हटल्यावर नको कोण म्हणणार? पण तळ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी एक रंगाचा कारखाना होता आणि त्याचं सांडपाणी तळ्यातच उतरायचं. "आधी तपासू द्या," असं पंकजा ग्रामसभेत म्हणाली. लोक हसले, पण सोमवारपर्यंत थांबायला तयार झाले. सोमवारी ट्रॅक्टर लागणार होते.

तपासणी तशी साधी होती. तळ्याच्या गाळात लाल अळ्या राहतात आणि त्यांच्यावर मासे जगतात. काही बरण्यांत तिने तळ्याचा गाळ घातला, काहींत तुलनेला चांगली माती. पाणी सगळीकडे एकच, अळ्याही एकाच ट्रेमधल्या. मातीत जगल्या आणि गाळात मेल्या, तर दोष गाळाचा. दोन्हीकडे मेल्या, तर मारणारं दुसरंच काही असणार आणि मेहनत पाण्यात.

दोन्हीकडे मेल्या होत्या.

"मग चाचणी रद्द," तिचे मार्गदर्शक गोरक्षनाथ सर म्हणाले. "पुन्हा लाव."

"सर, सोमवारी गाळ निघतोय."

"गावाला सांग, अजून काही कळलेलं नाही."

काही कळलेलं नाही म्हणजे गावाच्या लेखी सगळं ठीक आहे, हे सरांना कोण सांगणार? ट्रॅक्टर काही बरण्यांसाठी थांबणार नव्हते. पंकजाने बरण्यांना साबण राहिला का, ते हुंगून पाहिलं. ट्रेमध्ये उरलेल्या अळ्या पाहिल्या, तर त्या बेट्या त्याच पाण्यात मजेत वळवळत होत्या. म्हणजे पाणी ठीक होतं आणि अळ्याही धडधाकट होत्या. राहता राहिली माती. ती घरच्या रानातली होती. ती आणायला स्वतः जायचं सोडून पंकजाने आईला फोनवर सांगितलं होतं आणि आईने दुधाच्या टेम्पोतून पिशवी पाठवली होती, वर मेथीच्या दोन जुड्या ठेवून.

तिने आईला फोन लावला.

"आई, ती माती कुठली भरली होतीस?"

"का गं? कमी पडली व्हय?"

"कुठली ते सांग आधी."

"आधी माळाकडची भरत हुते," चांगुणाबाई म्हणाल्या. "पन म्हणलं, पोरगी चांगली माती मागती, चार मान्सं बघतील. मंग हिरीजवळच्या वाफ्यातली काढली. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या बाबांनी तळ्यातला गाळ न्हाई का टाकला तिथं? लई काळीभोर झालीय. मेथी तर अशी फोफावलीय म्हनून सांगू."

पंकजाने मातीची बरणी उचलून गाळाच्या बरणीशेजारी ठेवली. चाचणी फसलीच नव्हती. दोन्हीकडे तोच गाळ होता. सोमवारी ट्रॅक्टर अडवायला तिच्याकडे आता पुरावा होता, पण तो तिच्याच घरातून आला होता. अळ्या मेल्या म्हणून मेथीत विष उतरलंच असेल असं नाही, हे तिला ठाऊक होतं. उतरलं नसेल, असंही तिला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. आणि घरात तिची वहिनी पूजा सातव्या महिन्यात होती.

"आई, त्या वाफ्यातलं काही खाऊ नका. तपासून होईपर्यंत कुणीच नको. वहिनीला तर अजिबात देऊ नकोस."

"तिच्यासाठीच लावली हुती गं," आई म्हणाली. मग फोन तोंडापासून लांब गेला आणि तिची हाक ऐकू आली. "पूजा, ते ताट खाली ठेव बाळा. मेथी खाऊ नको."

लांबून पूजाचा आवाज आला. "आई, माझं जेवून झालं बी. भाजी लई चांगली झाल्ती."