समताचं उन्हाशी वाकडं

जानेवारीत दिल्लीकरांना ऊन दिसलं की कामधाम सुचत नाही. चटया, संत्री, शेंगदाणे घेऊन माणसं बागांमध्ये पाठ शेकत पडतात. नोएडातल्या एका पार्कातही रविवारी असा मेळाच भरला होता. समता मात्र कडुनिंबाखाली, शालीत गुरफटून, कुडकुडत बसली होती. नाइलाजाने सिद्धांतही.

दोघांचीही घरं मूळची विदर्भातली, बौद्ध, सरकारी नोकरीपायी दिल्लीत रुजलेली. सूत छान जमलं होतं. फक्त ही बाई उन्हात येत नसे. विचारलं की "टॅन होते रे" म्हणून हसण्यावारी न्यायची.

खरं कारण होतं ल्युपस, शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणारा आजार. ऊन लागलं की तिच्या अंगावर चट्टे उठत, सांधे धरत, ताप येई. गोळ्या जन्माच्या. आधीच्या मित्राला, चिन्मयला, तिने हे सांगितलं होतं. "काही प्रॉब्लेम नाही," म्हणाला, आणि महिनाभरात फोन उचलायचा बंद झाला. तेव्हापासून आजारी ठरण्यापेक्षा नखरेल ठरणं तिला परवडत होतं.

आज मात्र सिद्धांतचं डोकं सटकलं.

"यार समता, काळं पडायची इतकी धास्ती? आपल्यासारख्या बौद्ध घरातल्या मुलीला? माझी आई काळीसावळी आहे. तिला भेटशील तेव्हाही हेच येणार का तुझ्या मनात?"

हे तिला झोंबलं. रंगावरून शाळेत तिने स्वतः काय कमी ऐकलं होतं? गप्प बसली तर हा जाणार, आणि तेही भलत्याच कारणासाठी. जायचंच असेल तर खऱ्या कारणासाठी जाऊ दे. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बरं कधी होणार?"

"नाही होणार. आटोक्यात राहतं. किडनीवरही जाऊ शकतं."

"आणि... मुलं?"

"होऊ शकतात. डॉक्टरांना विचारून, जपून."

समताने पर्स आवरायला घेतली. आता "काही प्रॉब्लेम नाही" येणार, हे ती धरूनच चालली होती.

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला. "जमेल की नाही, बिल्कुल माहीत नाही."

आजार निघाल्यापासून आईने, मैत्रिणींनी, सगळ्यांनी तिला नुसता धीर दिला होता. घाबरलोय असं कुणी कबूल केलं नव्हतं, म्हणून तिलाही करता आलं नव्हतं.

"मलाही वाटते," ती म्हणाली, आणि भर पार्कात रडायला लागली.

सिद्धांत जागचा हलला नाही, तिच्या शेजारीच बसून राहिला.