चंपतमामाची सोबत

चंपतमामाचा भाजीचा मळा कारंज्याला, पण गिऱ्हाईक आठवडी बाजारांतून जिल्हाभर. त्यातलं काही गिऱ्हाईक खास. पुरुषांवर जीव जडलेले, घरच्यांपासून लपून राहणारे पुरुष, मामा त्यांच्यातलाच. एका संस्थेनं दिलेली निरोधाची पाकिटं तो त्यांना कोथिंबिरीच्या जुडीत घालून द्यायचा. एकदा जुडी भलत्याच काकूंच्या पिशवीत गेली, तर बेट्यानं 'बियाण्याची पुडी चुकून आली' म्हणून परत मागून घेतली!

त्याच गिऱ्हाइकांतल्या आसेगावच्या शिवमला मात्र त्या दिवशी हसू येत नव्हतं. चार महिने टाळलेली एचआयव्हीची तपासणी करायला मामानं त्याला तालुक्याच्या दवाखान्यात आणलं होतं, आणि एचआयव्हीच्या खिडकीपाशीच समोर उभा ठाकला गावचा धरमसिंग. धरमसिंगला एखादी गोष्ट कळली, की गावात वेगळी दवंडी पिटायची गरज नसे.

"काहून रे शिवम, या खिडकीवर?"

गावात कळलं तर बाप घरात घेणार नव्हता. शिवम पाय काढणार तोच मामा पुढे झाला.

"माह्यासाठी आला तो. मले एचआयव्ही हाय, आठ वर्सं झाली. गोळ्या न्यायले आलो. चकरा येऊन राह्यल्या, म्हून याले संगं घेतलं."

हे शिवमलाही ठाऊक नव्हतं. चकरा तेवढ्या खोट्या. नेमानं गोळ्या घेणारा मामा ठणठणीत होता. आठ वर्षं जपलेलं गुपित त्यानं दुसऱ्याच्या पोरासाठी उघड्यावर टाकलं. असं काळीज कुठून आणतात माणसं! धरमसिंग दोन पावलं मागे सरला आणि निघून गेला.

शिवमनं रक्त दिलं. लागण नव्हती. पक्की खात्री करायला तीन महिन्यांनी पुन्हा यायचं ठरलं.

पुढच्या बाजारी आसेगावात मामाच्या भाजीकडे कुणी फिरकेना. भाजीतून हा रोग पसरत नाही, हे सांगायचं तरी कुणाला? शिवम दुरून बघत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तो सरळ जाऊन मामाशेजारी पोत्यावर बसला.

"ऊठ येड्या," मामा पुटपुटला, "तुह्याबी नावाचा बोभाटा होईन."

"होऊ द्या."

तेवढ्यात धरमसिंग समोरून चालला. शिवमनं हाक मारली, "काका, मेथी घ्या! ताजी हाय."

धरमसिंग थबकला. त्यानं मामाकडे पाहिलं, शिवमकडे पाहिलं, आणि दवाखान्यात कोण कोणासाठी आलं होतं ते त्याला उमगलं. त्याला उमगलंय, हे शिवमलाही दिसलं.

"घ्या ना, काका," तो म्हणाला. आवाज जराही उतरला नाही.